छावणी कोणाच्या हातात? चिराला, तेनाली आणि हिसारचा धडा



दलित वस्तीवर हल्ला झाला की पहिल्या दिवशी मेलेल्यांचा आकडा छापून येतो. दुसऱ्या दिवशी मंत्री येतात, मदत जाहीर होते, फोटो निघतात. मग पंधरा-वीस वर्षांनी कधीतरी आतल्या पानावर निकालाची बातमी येते. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात जिवंत राहिलेली माणसे कुठे होती? त्या रात्री लेकराबाळांना घेऊन ती कुठे झोपली? रेशन कोणी दिले, यादी कोणी केली, 'आता गावात परत जा' असे कोण म्हणाले? याबद्दल आपल्या सभांत आणि लेखांत फार कमी बोलले जाते.

आमचे म्हणणे सरळ आहे. अत्याचारामुळे गाव सोडावे लागलेल्या माणसांची छावणी दयेपोटी उभारलेला मांडव नसतो. साक्षीदार जिथे जिवंत आणि एकत्र राहतात, ती ही जागा. म्हणून छावणीचा कारभार कोणाच्या हातात आहे, यावर पुढचा खटला, पुढचे पुनर्वसन आणि पुढची चळवळ अवलंबून असते. तीन गोष्टी ज्याच्या ताब्यात, छावणी त्याची: यादी, शिधा आणि परत जाण्याचा निर्णय. हा निष्कर्ष आम्ही पुस्तकी सिद्धांतातून काढलेला नाही. आपल्याच इतिहासाने तो पुन्हा पुन्हा दाखवला आहे.

आधी एक फरक समजून घेऊ. देशाची सीमा ओलांडून गेलेला माणूस निर्वासित ठरतो. त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय करार आहेत. स्वतःच्याच देशात घर सोडून पळावे लागलेला माणूस मात्र विस्थापित ठरतो आणि ज्या प्रशासनाने त्याला वाचवले नाही, त्याच प्रशासनाच्या दारात त्याला उभे राहावे लागते. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे अशा देशांतर्गत विस्थापितांसाठी तीस मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली. अन्न, पाणी, निवारा, कपडे आणि औषधोपचार हा त्यांचा हक्क आहे. परत जायचे की दुसरीकडे वसायचे हे त्यांनी स्वेच्छेने ठरवायचे आणि त्या नियोजनात त्यांचा सहभाग असायचा, असे ही तत्त्वे सांगतात. भारतात मात्र देशांतर्गत विस्थापितांसाठी आजही स्वतंत्र कायदा नाही.

१९४७: 'छावणीत राहील त्यालाच शिधा'

फाळणीच्या छावण्यांचा इतिहास आपल्याला शाळेत शिकवला जातो. कुरुक्षेत्राची प्रचंड छावणी, तंबूंच्या रांगा, लाखो माणसे. ही माणसे नव्याने आखलेली सीमा ओलांडून आली होती, म्हणून काटेकोर अर्थाने ती देशांतर्गत विस्थापित नव्हती. तरीही छावणी आणि जात यांचा संबंध समजण्यासाठी सुरुवात इथूनच करावी लागते.

डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तानातून पूर्व पंजाबात आलेल्या अस्पृश्य निर्वासितांची स्थिती त्यात त्यांनी मांडली. छावण्यांचे अधिकारी सवर्ण निर्वासित आणि अस्पृश्य निर्वासित यांच्यात भेद करत होते, त्यामुळे आपली माणसे छावणीत राहू शकत नव्हती. दुसरीकडे मदत आणि पुनर्वसन खात्याचा नियम असा होता की जो छावणीत राहतो त्यालाच शिधा आणि कपडे मिळतील. परिणाम काय? छावणीत राहू दिले जात नाही म्हणून शिधा नाही आणि शिधा नाही म्हणून उपासमार.

या नियमात जातीचा एक शब्दही नाही. कागदावर तो सगळ्यांना सारखाच लागू आहे. तरीही त्याने नेमके अस्पृश्यांनाच उपाशी ठेवले. छावणीच्या व्यवस्थापनातली जात अशीच असते. ती फलकावर लिहिलेली नसते. ती रांगेत, पाण्याच्या टाकीपाशी आणि यादीच्या वहीत असते. बाबासाहेबांनी भावनिक आवाहन करण्याऐवजी थेट त्या नियमावर बोट ठेवले, हे आपण कार्यकर्त्यांनी शिकण्यासारखे आहे.

ही गोष्ट जुनी झाली असे कोणी म्हणेल. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूच्या नागपट्टिनम किनाऱ्यावर काय झाले? एकाच लाटेने सगळ्यांची घरे नेली होती. तरीही निवारा केंद्रांतून दलित कुटुंबांना बाहेर काढल्याच्या, वेगळे ठेवल्याच्या, पाण्यापासून आणि मदतीपासून वंचित ठेवल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या. लाट जात पाहत नव्हती, पण लाटेनंतरची रांग जात पाहत होती.

चिराला, १९८५: परत न जाणारी माणसे

आता आंध्रात जाऊ. करमचेडू हे तेव्हाच्या प्रकाशम जिल्ह्यातले श्रीमंत शेतीचे गाव. जमीन आणि सत्ता कम्मा जातीच्या हातात. मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांच्या जावयाचे हे गाव. १६ जुलै १९८५ रोजी मादिगा वस्तीच्या पिण्याच्या पाण्याच्या तळ्यापाशी एका कम्मा तरुणाने आपल्या म्हशीचे घाण पाणी सोडले. वस्तीतून हरकत घेतली गेली. मारहाण सुरू झाली तेव्हा सुवार्ता नावाच्या मादिगा स्त्रीने हातातली घागर उगारली. दुसऱ्या दिवशी, १७ जुलैला, जमावाने वस्तीवर हल्ला केला. सहा दलितांची हत्या झाली, स्त्रियांवर बलात्कार झाले. महाडच्या चवदार तळ्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनीही प्रश्न पाण्याचाच होता.

वाचलेली माणसे जवळच्या चिराला शहरात पळाली आणि चर्चच्या आवारात आश्रयाला थांबली. करमचेडूच्या इतिहासातला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे झाला. लोकांनी गावात परत जायला नकार दिला.

हा नकार साधा नव्हता. ही शेतमजूर माणसे. गाव सोडले म्हणजे मजुरी गेली, घर गेले, जनावरे गेली. गावात परत जाऊन मालकाशी समेट करणे हाच नेहमीचा रस्ता होता आणि असा समेट झाला की कोर्टात साक्षीदार उलटतो, हेही नेहमीचेच. चिरालातल्या छावणीने हा रस्ता बंद केला. माणसे एका जागी राहिली म्हणून त्यांना भेटायला पत्रकार आले, वकील आले, राज्यभरातून दलित तरुण आले. नागरी हक्क चळवळीतले के. बालगोपाल यांनी या हत्याकांडाचा संबंध थेट रामाराव यांच्या राजकारणाशी जोडून लिहिले. बोज्जा तारकम यांनी उच्च न्यायालयातील सरकारी वकिलाच्या पदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी चिराला इथून आंध्र प्रदेश दलित महासभा उभी राहिली. तारकम तिचे अध्यक्ष आणि कत्ती पद्माराव सरचिटणीस. शेवटी सरकारला या लोकांसाठी चिरालातच वसाहत उभारावी लागली.

विचार करा. हीच माणसे पाच-पाच, दहा-दहा करून वेगवेगळ्या गावांतल्या नातेवाइकांकडे पांगली असती तर? मग करमचेडू ही सहा मृत्यूंची एक बातमी राहिली असती. छावणी टिकली म्हणून संघटना जन्मली. खटला मात्र रेंगाळत राहिला. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल २००८ मध्ये आला, म्हणजे तेवीस वर्षांनी. इतकी वर्षे साक्ष टिकवायची तर साक्षीदाराला आधी पाय रोवायला जागा हवी. ती जागा या माणसांनी स्वतःच्या निर्णयाने मिळवली.

तेनाली, १९९१: परत जाणारी माणसे

सहा वर्षांनी गुंटूर जिल्ह्यातल्या चुंडूरची पाळी आली. सिनेमागृहात एका शिकलेल्या दलित तरुणाचा पाय रेड्डी तरुणाला लागला, एवढेच निमित्त. सामाजिक बहिष्कार आला आणि ६ ऑगस्ट १९९१ रोजी आठ दलितांना शेतांत पाठलाग करून मारण्यात आले. काहींची प्रेते गोणपाटात भरून कालव्यात टाकली होती. वाचलेली कुटुंबे तेनालीला आली आणि साल्वेशन आर्मीच्या आवारात त्यांची छावणी पडली.

इथे लोकांनी वेगळा मार्ग निवडला. करमचेडूच्या मादिगांनी गाव सोडले. चुंडूरच्या मालांनी गावावरचा हक्क सोडला नाही. मृतांना त्यांनी गावातच, सर्वांच्या नजरेसमोर पुरले आणि त्या जागेला 'रक्तक्षेत्रम्' नाव दिले. आरोपींच्या अटकेसाठी आंदोलन सुरू असताना सप्टेंबर १९९१ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात आणखी एक तरुण गेला. तरीही मागणी मागे घेतली नाही. खटला दूरच्या शहरात नको, जिथे गुन्हा घडला तिथेच चालवा, अशी ती मागणी होती. अखेर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गावातच विशेष न्यायालय बसले आणि नागरी हक्क चळवळीतले बी. चंद्रशेखर विशेष सरकारी वकील म्हणून उभे राहिले. ३१ जुलै २००७ रोजी एकवीस जणांना जन्मठेप आणि पस्तीस जणांना एक वर्षाची शिक्षा झाली. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडून दिले. ही आपल्या न्यायव्यवस्थेची शोकांतिका आहे आणि तिच्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आपल्या विषयापुरता मुद्दा असा: चिरालातल्यांनी 'परत जाणार नाही' म्हटले, तेनालीतल्यांनी 'परत जाऊ, पण मान वर करून' म्हटले. दोन्ही निर्णय बरोबर होते, कारण दोन्ही निर्णय विस्थापितांचे होते. कलेक्टरने किंवा आमदाराने बंद खोलीत बसून ते घेतलेले नव्हते.

हिसार, २०११ ते २०१८: ज्या छावणीला कोणी मालक नव्हता

आता याच्या उलटे उदाहरण. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातले मिर्चपूर. कुत्रा भुंकला यावरून वाद झाला आणि २१ एप्रिल २०१० रोजी जाट जमावाने वाल्मीकी वस्तीतली घरे जाळली. एक वृद्ध बाप आणि त्यांची दिव्यांग मुलगी यांचा जळून अंत झाला. कुटुंबे पळाली, काही जण दिल्लीच्या वाल्मीकी मंदिरात राहिले. काही काळाने परतलेली कुटुंबे जानेवारी २०११ मध्ये पुन्हा दहशतीने बाहेर पडली आणि हिसारमध्ये एका खाजगी फार्महाऊसच्या आवारात झोपड्या टाकून राहिली. तिथे त्यांची वर्षानुवर्षे गेली.

एखाद्या सहृदय माणसाने जमीन दिली, त्याचे आभारच मानले पाहिजेत. पण राज्य सरकारचे काम एका माणसाच्या मेहेरबानीवर सोडले गेले, हे विसरता येणार नाही. सरकारी छावणी असती तर सरकारवर जबाबदारी आली असती: पाण्याची, संडासाची, शाळेची, पोलीस संरक्षणाची. खाजगी जमिनीवरचा माणूस सरकारच्या हिशेबातच नसतो. तिथे तो हक्काने काही मागू शकत नाही.

२४ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. एस. मुरलीधर आणि न्या. आय. एस. मेहता यांनी निकाल दिला. खालच्या कोर्टाने सोडलेल्या वीस जणांनाही दोषी धरले. एकूण तेहतीस जण दोषी ठरले. न्यायालयाने बाबासाहेबांच्या संविधान सभेतल्या भाषणाचा आधार घेतला. याच निकालात एक निरीक्षण आहे, जे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. २५४ वाल्मीकी कुटुंबांना मिर्चपूर सोडावे लागले. त्यांपैकी जे गावात परतले, त्यांनी खटल्यात सरकार पक्षाला साथ दिली नाही आणि ज्यांनी साथ दिली, ते परतले नाहीत.

गावात परत गेलेला साक्षीदार गप्प बसला. बाहेर राहिलेला साक्षीदार बोलला. छावणी आणि न्याय यांचा संबंध दाखवायला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

न्यायालयाने आणखी एक अवघड प्रश्न विचारला. सरकार या कुटुंबांचे पुनर्वसन मिर्चपुरात न करता वेगळ्या वसाहतीत करत आहे. संविधानाने दिलेल्या समता आणि बंधुतेच्या वचनाला हे धरून आहे का? काही जण यावर म्हणतील की स्वतंत्र वसाहती ही तर बाबासाहेबांचीच मागणी होती. होय, होती. १९४२ च्या नागपूर परिषदेत तसा ठराव झाला आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्येही ती मागणी आहे. पण ती नीट वाचा. बाबासाहेबांनी सेटलमेंट कमिशन मागितले होते, सरकारी पडीक शेतजमीन मागितली होती, म्हणजे अस्पृश्य माणूस गावच्या मालकाच्या भाकरीवर अवलंबून राहणार नाही. शेतीशिवाय नुसता घराचा प्लॉट देऊन माणसांना गावाबाहेर बसवणे म्हणजे जुन्याच गावकुसाबाहेरच्या वस्तीला नवा पत्ता देणे. बाबासाहेबांचे नाव घेऊन ते खपवता येणार नाही.

छावणी चालवायची म्हणजे काय करायचे?

आता कामाचे बोलू. उद्या आपल्या जिल्ह्यात वस्ती उठली, तर समाजमंदिरात किंवा विहारात जमलेल्या शंभर-दोनशे माणसांसाठी आपण काय करणार? भाषणे तर होतीलच. पण खालील गोष्टी पहिल्या दोन दिवसांत झाल्या पाहिजेत.

पहिली यादी. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम १२ सांगतो की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी घटनास्थळी जाऊन नुकसान पाहावे आणि पीडित, कुटुंबीय व अवलंबितांची यादी करावी. ती यादी होईल तेव्हा होईल. आपली यादी त्याच रात्री व्हावी. प्रत्येक माणसाचे नाव, वय, कोण कुठे आहे, कोण बेपत्ता आहे, काय जळाले, कोणी काय पाहिले. यादी लिहिणारी वही वस्तीतल्याच शिकलेल्या मुला-मुलींच्या हातात हवी, बाहेरून आलेल्या पुढाऱ्याच्या नव्हे. आणि साक्षीदारांची नावे फेसबुकवर टाकायची नाहीत.

दुसरा शिधा आणि निवारा. याच नियमात अन्न, पाणी, कपडे, निवारा, औषधोपचार आणि वाहतूक ही मदत सात दिवसांत देणे प्रशासनावर बंधनकारक आहे. किती निवारा, किती पाणी? यासाठी मापे ठरलेली आहेत. 'स्फिअर' या आंतरराष्ट्रीय मानकांत माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, दिवसाला पंधरा लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक संडास सांगितला आहे. आपल्या आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ मध्येही मदत छावण्यांसाठी निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान मानके ठरवण्याची तरतूद आहे. याच कायद्यातल्या 'आपत्ती'च्या व्याख्येत मानवनिर्मित कारणेही येतात. मग पुरात घर गेलेल्याला जे किमान मिळते, ते जातीच्या आगीत घर गेलेल्याला का मिळू नये? ही मागणी आपण लेखी करायला हवी.

स्त्रियांचा प्रश्न इथे शेवटी ठेवून चालणार नाही. संडास कुठे, तिथे रात्री दिवा आहे का, सॅनिटरी पॅड आले का, गरोदर बाई कोण, हे पुरुषांच्या समितीला सुचत नाही. छावणीच्या समितीत निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. ही उपकाराची जागा नाही. करमचेडूत घागर उगारणारी स्त्रीच होती.

तिसरा परत जाण्याचा निर्णय. कोणाला बळजबरीने घर किंवा गाव सोडायला लावणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम ३(१)(झेड) खाली स्वतंत्र गुन्हा आहे. फिर्यादीत हे कलम लावून घ्या; ते अनेकदा राहून जाते. कलम १५-अ खाली पीडित आणि साक्षीदारांना तपास व खटल्याच्या काळात सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आणि दुसरीकडे स्थलांतर मिळण्याचा हक्क आहे. म्हणून 'शांतता समिती' आली, तंटामुक्तीवाले आले, 'झाले गेले विसरा' म्हणू लागले, तर एकच उत्तर द्यायचे: निर्णय छावणीची बैठक घेईल आणि तो ठराव लेखी होईल. छावणी कधी बंद करायची हेही त्याच बैठकीने ठरवायचे. रेशन बंद करून माणसांना परत हाकलणे हे स्वेच्छेने परतणे नव्हे.

आणि शेवटी मुले. छावणीत महिना गेला तर मुलांचे वर्ष जाते. जवळच्या शाळेत त्यांना लगेच बसवण्याची मागणी पहिल्याच निवेदनात असू द्या.

आपल्या घरचा हिशेब

हे सगळे आंध्राचे आणि हरियाणाचे झाले. महाराष्ट्राचे काय? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे, जनार्दन मेवाडे या शहिदांची नावे आपण दरवर्षी १४ जानेवारीला घेतो आणि घेतलीच पाहिजेत. पण त्या पावसाळ्यात गाव सोडून निघालेली माणसे कुठे थांबली, कोणाच्या ओसरीत, कोणत्या शाळेत, कोणत्या शहराच्या झोपडपट्टीत? किती परतली, कोणत्या अटीवर परतली, किती कायमची शहरात राहिली? त्या पिढीची माणसे आज सत्तरीत आहेत. आपल्या प्रत्येकाच्या आजी-आजोबांच्या, आत्या-मावशीच्या आठवणीत या छावण्यांचा इतिहास आहे. तो त्यांच्याबरोबर जायच्या आत लिहून घेणे हे आपल्या पिढीचे काम आहे. मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा, तारीख आणि गावाचे नाव लिहा, शहरात पहिली रात्र कुठे काढली ते विचारा.

आणि त्याच वेळी पुढची तयारी करा. आपल्या तालुक्यात विहार कुठे आहे, तिथे पाण्याची सोय किती, संडास किती, पन्नास कुटुंबे आली तर कुठे राहतील, कोण डॉक्टर, कोण वकील, कोण यादी लिहील? नियम १५ प्रमाणे अशा प्रसंगांसाठी राज्याने आकस्मिक योजना करायची असते. आपल्या जिल्ह्याची ती योजना माहितीच्या अधिकारात मागवा. ती असेल तर वाचा, नसेल तर तेच लेखी घ्या.

हल्ला रोखणे हे आपले पहिले काम आहेच. पण हल्ला झाल्यावर माणसे पांगली, तर हल्लेखोर दुसऱ्यांदा जिंकतो. चिराला आणि तेनालीच्या शेतमजुरांनी हातात काही नसताना त्याला दुसऱ्यांदा जिंकू दिले नाही. आपल्या हातात आज कायदा आहे, शिक्षण आहे, संघटना आहे. मग यादीची वही आपल्या हातात का नसावी?

जय भीम! जय संविधान!